वाळीतल्यांचा खांदेकरी

भाट्याची खाडी तरीने ओलांडून किनाऱ्याकिनाऱ्याने चालत गेलं की माडवाडी लागे. वाडीत घरं मोजकी, माड मुबलक आणि मानकरी माडांहून मुबलक. माणसं देवभोळी होती, कुणाला मारायची-झोडायची पद्धत नव्हती. फार तर वाळीत टाकत. वाळीत टाकायचं म्हणजे काय, तर विहिरीवर पाणी नाही, चूल विझली तर शेजारून विस्तव नाही, न्हावी नाही, परीट नाही, आणि घरात कुणी मेलं तर खांदा नाही. बाकी सगळं मोकळं. वारा मोकळा, समुद्र मोकळा, ऊन तर कुणीच अडवलेलं नव्हतं. इतकी सवलत असूनही माणूस आठवड्याच्या आत नारळ घेऊन देवळाच्या पायरीवर नाक घासायला येई. मग गुरव देवीला गाऱ्हाणं घाली, मंडळी ‘व्हय म्हाराजा’ म्हणत, आणि दंडाच्या बकऱ्याचा रस्सा ओरपून सगळे पुन्हा एकमेकांचे भाऊ होत.

धाकूचं तसं झालं नाही. हा मथुराबाईचा मुलगा. नावाने धाकू, पण दोघांतला थोरला. फत्तेमारीवर खलाशी होता. १९२२ च्या सुमाराला भर वादळात डोलकाठीवरचं आडवं लाकूड त्याच्या पायावर कोसळलं आणि सोबत्यांनी त्याला रत्नागिरीच्या बंदरात उतरवून मिशनच्या दवाखान्यात टाकलं. पाय सडला होता. वास असा की धाकूचं स्वतःचंच नाक धाकूला कंटाळलं होतं. तो पाय दवाखान्यातली गोरी मडम रोज खाली बसून आपल्या हाताने धुवायची. कुठला, कुणाचा, जात कोणती, काही विचारायची नाही. एक दिवस धाकूने तिथल्या गड्याला विचारलं, “हिला ह्या कराला कुनी सांगितलान?”

गड्याने त्याला गोष्ट सांगितली. येशू नावाचा गुरू होता, उद्या आपल्याला मारणार हे त्याला ठाऊक होतं, तरी आदल्या दिवशी कमरेला पंचा बांधून त्याने आपल्या शिष्यांचे पाय धुतले. शिष्य म्हणजे बरेचसे कोळीच.

“कोळी? आनी गप ऱ्हायले?”

“एक जण आधी नको म्हणाला.”

“तो शाना,” धाकू म्हणाला. पाय अखेर वाचला, पण बोटभर आखूड राहिला. पुढे पाद्रीसाहेबांनी त्याला पुष्कळ धर्म शिकवला, पण डोक्यात शिरली ती ही एवढीच गोष्ट. बाकीचा धर्म त्याने झोपेत ऐकला. त्याचा बाप्तिस्मा झाला तेव्हा त्याचं नाव थिओफिलस ठेवण्यात आलं. ते वाडीत कुणाला उच्चारता येईना, धाकूला तर नाहीच. तेव्हा देवाच्या दरबारी थिओफिलस आणि इतरत्र धाकू, अशी तडजोड झाली.

तो खाटेवर कुजत पडला होता तेव्हा मथुराबाई सोडली तर वाडीतलं कुत्रंही त्याच्याकडे फिरकलं नव्हतं. ज्याला त्याला शेती होती, बागा होत्या, शिवाय खाडी ओलांडायची म्हणजे काय थोडंथोडकं काम! पण त्याच्या डोक्यावर ओंजळभर पाणी पडलं असं कळताच अख्खी वाडी सगळी कामं टाकून देवळात जमली. मुख्य मानकरी रावजी. त्याने खाकरून निवाडा दिला: धाकू कायमचा बाहेर, आणि जो त्याच्याशी बोलेल तोही बाहेर. ‘व्हय म्हाराजा,’ मंडळी म्हणाली. त्यांत धाकूचा भाऊ काशीराम होता. त्याचा आवाज जरा खोल गेला होता, पण म्हणाला तो.

धाकूने मिशनच्या आवारात राहायला हवं होतं. तिथे कौलारू खोल्या होत्या, शेजारी भलीमाणसं होती. पण तो वाडीच्या डोक्यावरच्या कातळावर झोपडी बांधून राहिला आणि जांभ्याचे चिरे काढून पोट भरू लागला. मिशनच्या उपदेशकाने कारण विचारलं तर म्हणाला, हवा बरी आहे. खरं कारण असं की कातळाच्या कडेवरून काशीरामाच्या घराचं खळं दिसे, आणि खळ्यात आई दिसे.

मथुराबाईला मुलाशी बोलायची बंदी होती. पण कोंबडीशी बोलायची बंदी नव्हती. ते गावकीच्या ध्यानातच आलं नव्हतं. दिवेलागणीला म्हातारी खळ्यात उभी राही आणि तोंड वर करून ओरडे, “अगो बाय, आभाळ कसा भरलाय बघ! छपरावर झावळां घातलीस काय? नायतर भिजशील आनी रातभर पाय दुखंल तुजा!” अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात पाय दुखणारी ती एकच कोंबडी असावी. वरून धाकू पहार घेऊन चिऱ्यावर दोन ठोके घाली. म्हणजे ऐकलं. हे सगळ्या वाडीला कळत होतं, पण कोंबडीला वाळीत टाकायचा ठराव मांडायला रावजीलाही लाज वाटली.

असं एखादं वर्ष गेलं आणि रामाचं प्रकरण उभं राहिलं. रामाच्या घराकडे हाळीचा मान होता, म्हणजे गावकी बसायची तर घरोघर जाऊन ‘चला हो’ करायचं त्याने. मोठा मान नव्हे, पण त्याच्याशिवाय कुणी घराबाहेर पडत नसे. या रामाने शिमग्यात, अंगात आलं म्हणून म्हणा की ताडी आली म्हणून, मानकऱ्यांच्या आधी पालखीला खांदा दिला. झालं, वाळीत! रामा तापट डोक्याचा, नारळ घेऊन गेला नाही. आषाढात त्याचा बाप मेला. पालखीला आधी खांदा दिला म्हणून बापाला खांदा मिळेना. पाऊस कोसळत होता, मढं ओटीवर पडून होतं आणि वाडी आपापल्या दाराआडून रामाची जिरलेली बघत होती.

तेव्हा धाकू एका खांद्यावर बांबू घेऊन लंगडत लंगडत कातळावरून पाखाडीच्या पायऱ्या उतरला. रामा त्याला बघून चार पावलं मागे सरला.

“तू कशाला आलास? बाटगा तू.”

“मग बस बापाला घेऊन,” धाकू म्हणाला. “अरे मेल्या, मी आधीच भायर. मना आनखी भायर कुठं टाकतील? समिंदरात?”

मुद्दा बिनतोड होता. दोघांनी बांबूला झोळी बांधून म्हाताऱ्याला मसणात नेलं. वाटेत धाकू पावसाला, चिखलाला, आपल्या पायाला आणि रामाच्या बापाच्या वजनाला खलाशी शिव्या देत होता. त्या त्याने रविवारी देवाकडे कबूल केल्या. दुसऱ्या दिवशी रामाची चूल विझलेली दिसली म्हणून तो नारळाच्या सोडणात निखारे घेऊन आला, तिसऱ्या दिवशी पाण्याची कावड. रामा खुशाल पुढच्या दिवाळीपर्यंत वाळीत राहिला. तेवढ्या काळात हाळी द्यायला माणूस नाही म्हणून खुद्द रावजीला घरोघर हिंडून गावकी बोलवावी लागली. धोतर वर धरून चिखलातून जाणारा रावजी ज्यांनी पाहिला त्यांना ते वर्ष चांगलं गेलं. शेवटी रामाला गोडीगुलाबीने परत घेतला. परत घेतल्यावर रामाने पहिलं काम काय केलं, तर धाकू जिथे उभा राहिला होता ती ओटी गोमूत्र शिंपडून शुद्ध करून घेतली. धाकू वाटेत दिसला तर तो मान वळवून माडाकडे बघू लागला, जणू त्या माडाला पूर्वी कधी नारळ लागलेच नव्हते.

पण एकदा वाट पडली ती पडलीच. पुढे ज्याला ज्याला वाळीत टाकलं, त्याच्या दारात सकाळी लंगड्या पावलांचा आवाज येई. धाकू पाणी आणी, विस्तव आणी, छप्पर शाकारी, मढी वाही. ज्याचं केलं तो आत गेला की दार लावून घेई. धाकूला ह्याचं वाईट वाटत नसे असं नाही. फार वाटे. पावसाळ्यात पाय सुजून भोपळा होई तेव्हा झोपडीत एकटा पडून तो येशूला म्हणे, “तुझ्याकडं बाराजण होते. मना कोन हाय ता सांग!” उत्तर येत नसे. सकाळी कुणाच्या तरी दारात घागर रिकामी असे, म्हणून तो उठे.

मिशनलाही त्याचा फारसा उपयोग नव्हता. उपदेशक म्हणे, “थिओफिलस, तू इतक्या लोकांची सेवा करतोस, पण त्यांना तारणाबद्दल चार शब्द सांगत का नाहीस? मढं नेताना माणसाचं मन मऊ झालेलं असतं.”

“खांद्यावर मढा असताना बोलू कसा?” धाकू म्हणे. “दम लागतो.”

इतक्या वर्षांत त्याच्यामुळे एकही माणूस ख्रिस्ती झाला नाही. उपदेशकाने मान हलवली आणि त्याचं नाव प्रार्थनेच्या वेळी दुर्बळ बंधूंमध्ये घ्यायला सुरुवात केली.

१९३३ च्या उन्हाळ्यात तुळसाला वाळीत टाकलं. तुळसा तरुण विधवा, तिला मूल झालं. गावकीने बापाचं नाव विचारलं, तिने सांगितलं नाही. पोराला रावजीच्या पुतण्याचं नाक कसं आलं हे देवीला ठाऊक, पण देवीला कुणी विचारलं नाही, आणि पुतण्याला तातडीने मुंबईत नोकरी लागली. गावकीचा हिशेब सरळ होता. चैत्र-वैशाखात पाणी तोडलं की बाई आपण होऊन कुठे तरी जाईल, मुंबईला नाही तर खाडीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तुळसाच्या दारात पाण्याच्या दोन घागरी होत्या. कातळापलीकडचा झरा आटून करंगळीएवढा झालेला. घागर भरायला बराच वेळ जाई, आणि तिथून वाडीत यायचं म्हणजे तापलेल्या कातळावरून. धाकूचा पाय जुन्या जागी पुन्हा फुटला. तो शिव्या देत येई, घागरी ओती आणि शिव्या देत जाई.

महिना उलटला, तुळसा जागची हलेना, आणि पोराचं नाक तर दिवसेंदिवस स्पष्ट होत चाललं. गावकी बसली. धाकूला शिक्षा करायची तर काय करायची? पाणी बंद करावं तर त्याचं बंदच होतं. विस्तव, न्हावी, परीट सगळं बंदच. मारावं तर मिशनवाले साहेबाच्या कचेरीत जातील. ज्याच्याकडून सगळंच काढून घेतलंय त्याच्याकडून आणखी काढायचं काय? मंडळी तंबाखू मळत बसली. मग रावजीला युक्ती सुचली, आणि इतकी साधी युक्ती इतकी वर्षं सुचली कशी नाही याचं सगळ्यांना नवल वाटलं. धाकूला आधी आत घ्यायचा! आत आला की त्याच्यावर गावकीचा हुकूम चालेल. हुकूम मोडला की मग त्याला रीतसर बाहेर टाकता येईल, आणि त्या बाहेर टाकण्याला काही अर्थ असेल.

“व्हय म्हाराजा,” मंडळी म्हणाली.

आमिषही तयार होतं. मथुराबाईने अंथरूण धरलं होतं. बरेच दिवस खळ्यात कुणी आलं नव्हतं, कोंबडी एकटीच मुक्याने हिंडत होती, आणि दिवेलागणीला धाकू कातळाच्या कडेला उभा राहून उगाच चिऱ्यावर ठोके घालत होता. रावजी स्वतः कातळ चढून वर आला. धापा टाकत, धाकूच्या दगडावर न बसता उभ्यानेच बोलला.

“धाकू, तुजी आवस आता जास्त दिवसांची नाय. थोरला तू. तिच्या तोंडात पानी तू घालाचास, अग्नी तू द्याचास. प्राचित्त घे, आम्ही तुला आत घेतो. झाला गेला देवी विसरंल.”

धाकूने पहार खाली ठेवली. “आनी बदल्यात?”

“कायच नाय. गावकीचा शब्द पाळाचा, बस. तुळसाच्या दारात जावाचा नाय.”

धाकू शिवी देईल म्हणून रावजी तयार होता. पण धाकू नुसता म्हणाला, “उद्या सांगतो.”

तो तसाच खाडी ओलांडून उपदेशकाकडे गेला. उपदेशकाने सांगितलं की प्रायश्चित्त घेणं महापाप, आणि आईचा अंत ही प्रभूची इच्छा. उपदेशकाची आई खुशाल होती, शेजारच्या खोलीत भाकऱ्या थापत होती. धाकूने तिकडे एकदा बघितलं आणि परत फिरला. खाडीत होडीवर बसल्या बसल्या त्याने ठरवून टाकलं: हो म्हणायचं. दहा-अकरा वर्षं दुसऱ्यांच्या आया मसणात वाहिल्या, आता स्वतःच्या आईच्या तोंडात घोटभर पाणी घालायला मिळत असेल तर थिओफिलसने खुशाल नरकात जावं. येशूला आई होती. तो समजून घेईल, नाही घेतलं तर नाही.

सकाळी शेवटची कावड म्हणून तो तुळसाकडे गेला. उद्यापासून येणार नाही हे सांगायचं होतं, पण घागरी टेकवून तो नुसताच उभा राहिला. तुळसाचं लक्ष त्याच्या पायाकडे गेलं. फडका रक्ताने भिजून पायाला चिकटला होता. ती खाली बसली, त्यानेच आणलेल्या घागरीतलं तांब्याभर पाणी घेतलं, फडका सोडला आणि त्याचा पाय धुवायला लागली.

“सांडतेस काय पानी, मेले!” धाकू ओरडला. “मी काय त्यासाठी आनला?”

“गप ऱ्हा, दादा,” ती म्हणाली.

तो गप राहिला. गोष्टीतल्या कोळ्यासारखा नको म्हणाला आणि मग गप राहिला. पाय धुऊन झाल्यावर तो रावजीच्या अंगणाबाहेर जाऊन उभा राहिला आणि तिथून म्हणाला, “मना आत याचा नाय.” मग कातळावर गेला, आणि आईच्या नावाने लहान पोरासारखा रडला. झालं ते बरं झालं असं त्याला मुळीच वाटत नव्हतं. आपण आईला विकून दोन घागरी पाणी घेतलं, असंच वाटत होतं.

ही हकीकत काशीरामाने घरी येऊन बायकोला कुजबुजत सांगितली. पडवीत मथुराबाई डोळे मिटून पडली होती. म्हाताऱ्या माणसाचे डोळे मिटले म्हणजे कान मिटले असं तरुणांना उगाच वाटतं.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर, बायका विहिरीवर आणि पुरुष देवळाच्या पारावर असताना, अंथरुणाला खिळलेली मथुराबाई काठी टेकत घराबाहेर पडली. काखेत कोंबडी होती. वाडीच्या मधोमध चालत ती तुळसाच्या ओटीवर जाऊन बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “तुळसा, तान लागलीय गो. पानी दी.”

तुळसा घाबरली. “आजी, ह्या पानी धाकूदादाचा हाय.”

“म्हनून तर मागतंय.”

म्हातारीने तांब्या तोंडाला लावला आणि गटागटा प्याली. पदराने तोंड पुसलं, पोराला मांडीवर घेतलं, त्याच्या नाकाकडे निरखून बघितलं, मग पाराकडे वळून रावजीकडे बघितलं. आणि म्हणाली, “आता बसवा गावकी.”

रावजी म्हणाला, म्हातारी भ्रमिष्ट झालीय, सोडून द्या. पण म्हातारी सोडायला तयार नव्हती. देवळात येऊन ती खांबाला टेकून उभी राहिली. “मी शुद्धीत हाय. पानी प्याले, गोड होता. धाकूच्या हातचा आनी तुळसाच्या घरचा, दोनदा बाटले. टाका वाळीत.”

आता आली का पंचाईत! टाकावी तर म्हातारीचं फावतं, न टाकावी तर गावकीचा शब्द फुकट जातो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मंडळी चुळबुळत होती. रामा दाराशी उभा होता, तो एकदम म्हणाला, “माजा बापूस ह्याच्याहून बारक्या गुन्ह्यासाठी पावसात पडून होता. नियम तो नियम.” गुरवाने गाऱ्हाणं घातलं. ‘व्हय म्हाराजा’ इतकं बारीक आवाजात माडवाडीत कधीच म्हटलं गेलं नव्हतं.

“काशीराम, आता मना घरात घेऊ नको हां,” मथुराबाई धाकट्याला म्हणाली. “तुला त्रास होईल. मना न्यायला मानूस येईल.” आणि देवळाच्या पायरीवर बसून तिने कातळाकडे तोंड केलं. या खेपेला तिने कोंबडीला मध्ये घातलं नाही. “धाकू!” तिने हाक मारली. “अरे धाकू! मना टाकलान रे वाळीत! ये!”

धाकू लंगडत पाखाडी कसा उतरला हे त्याचं त्यालाही कळलं नाही. त्याने म्हातारीला पाठंगुळीला घेतलं आणि तो चढायला लागला. साऱ्या वाडीसमोर, एकेक पायरी. अकरा वर्षं कोंबडीच्या पदरात पडलेलं बोलणं आता त्याच्या कानात ओतलं जात होतं. तू वाळलास, तुझ्या छपराला काही अर्थ नाही, दाढी कोण करतं तुझी, तुझा पाद्री तुला खायला घालत नाही काय.

“दुखतोय काय रं पाय?”

“नाय.”

“खोटा बोलतोस. तुज्या देवाला चालता काय?”

धाकू हसला आणि रडला, दोन्ही एकदमच, आणि त्यामुळे त्याला फार दम लागला.

म्हातारी कातळावर आषाढ लागेपर्यंत जगली. तिने त्याच्या भाताला नावं ठेवली, त्याच्या प्रार्थनेला नावं ठेवली, त्याला शेजारी बसवून घेतलं. तो रोज तिचे पाय धुवायचा आणि ती रोज ‘पानी कशाला सांडतोस’ म्हणायची. शेवटचा घोट तिने त्याच्याच हातून घेतला. उपदेशकाने निरोप धाडला की मिशनच्या जमिनीत जागा देता येईल. धाकूने उलट निरोप दिला की आईने आपल्याच माणसांत जाळायला सांगितलंय. मग उपदेशक आला नाही. वाडी तर येणारच नव्हती.

धाकूने तिरडी बांधली आणि तो बघत बसला, कारण तिरडीला चार खांदे लागतात. पोर पाठीशी बांधून तुळसा आली. बाईमाणसाने खांदा देऊ नये, पण वाळीतल्या बाईला गावकी आणखी करणार काय? मग पावसातून काशीराम आला. आयुष्यभर भ्यालेला माणूस, भीतभीतच आला, पण आला. खाली रावजी संतापला, याच घटकेला गावकी बसवा म्हणाला, आणि हाळी द्यायला रामाकडे माणूस धाडला. रामा घरी नव्हता. तो डोक्यावर इरलं घेऊन पाखाडी चढत होता. गावकी त्या दिवशी बसलीच नाही.

रामाने धाकूकडे बघितलं नाही. त्याने इरलं काढून कोंबडीवर टाकलं आणि चौथा दांडा धरला. चौघांनी तिरडी उचलली. चार पावलं गेली न गेली तोच ती एका अंगाला कलली.

“रामा, मेल्या,” धाकू म्हणाला, “माजा पाय आखूड हाय. जरा वाकून चाल.”

रामा वाकला, आणि वाकूनच मसणापर्यंत चालला.